टूसॉनहून तांब्याची खनिजं आणणार असाल तर कागदावर 'ओर' (धातू काढायचं कच्चं खनिज) हा शब्द लिहू नका

म्हापशाच्या भाऊंची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर झोपच लागेना, म्हणून सकाळी चहा बाजूला ठेवून लिहायला बसलोय. त्यांनी विचारलंय की फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टूसॉनच्या जेम अँड मिनरल शोला, म्हणजे रत्नं नि खनिजांच्या प्रदर्शनाला, पहिल्यांदाच जातोय, तिथे तांब्याच्या खनिजांवर तज्ज्ञांची भाषणं आहेत, ती ऐकत बसावं की सरळ स्टॉल फिरावे, आणि घेतलेले नमुने जड झाले तर मागाहून पार्सलने गोव्यात मागवले तर चालेल का. शेवटचा प्रश्न त्यांनी सहज म्हणून खाली एका ओळीत टाकलाय. माझं सगळं नुकसान त्या एका ओळीत झालं होतं.

हिरवं मॅलाकाइट कुठलं, निळं अझुराइट कुठलं, पितळी पिवळं कॅल्कोपायराइट कसं ओळखायचं हे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

मी डिचोलीचा. चौदा वर्षं खाणीच्या लॅबमध्ये सॅम्पलिंग केलं, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा काम गेलं पण दगडांचा नाद काही गेला नाही. माझी धाकटी बहीण फिनिक्सला असते, २०१७ च्या फेब्रुवारीत तिच्याकडे गेलो होतो आणि तिथून टूसॉन गाडीने दोन तासांवर, म्हणून जमलं.

आधी भाषणांचं सांगतो. ऐका, आणि खरेदीच्या आधी ऐका. अडचण अशी आहे की मुख्य शो कन्व्हेन्शन सेंटरमध्ये चारच दिवस असतो, पण गावभर हॉटेलांत आणि तंबूंत विक्री जानेवारीच्या अखेरीपासून सुरू झालेली असते, त्यामुळे नवा माणूस आधी तंबूंतच पैसे संपवतो आणि मग हॉलमध्ये जाऊन बसतो. मी तेच केलं. एका तंबूत गडद निळ्या स्फटिकांचा मोठा झुबका घेतला, कॅल्कँथाइट म्हणून. दुसऱ्या दिवशी भाषणात वक्त्याने पडद्यावर अगदी तसाच झुबका दाखवला आणि म्हणाला की बाजारात जे मोठे सुबक कॅल्कँथाइट दिसतात त्यातले बरेच द्रावणातून वाढवलेले असतात, खाणीतला असा तुकडा क्वचित मिळतो. कॅल्कँथाइट म्हणजे आपलं मोरचूद हो! कोळेरोगावर सुपारीला बोर्डो मारायला जे लागतं, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, ते आमच्या कुळागराच्या खोपीत पोत्याने पडलेलं असतं आणि मी त्याचे स्फटिक डॉलर देऊन घेतले. विक्रेत्याला सरळ विचारा की हा खाणीतला की वाढवलेला, चांगले विक्रेते खरं सांगतात, मी विचारलंच नव्हतं.

त्याच भाषणातली अजून एक गोष्ट सांगतो, कारण गोव्याच्या माणसाला ती जास्त कळेल. त्याने एका तांब्याच्या साठ्याच्या माथ्याचा फोटो लावला, लालतांबूस, भोकाभोकांचा दगड, आणि मला क्षणभर वाटलं हा तर आपला जांभा, चिऱ्यांच्या खाणीतला. इंग्रजीत त्याला गॉसन म्हणतात, साठ्यावरची लोखंडाची टोपीच म्हणा ना. वरची गंधकवाली खनिजं हवापाण्याने कुजतात, त्यातून आम्ल तयार होतं, ते तांबं विरघळवून खाली नेतं आणि लोखंड गंजून वर राहतं. खाली भूजलाच्या पातळीजवळ तेच तांबं कॅल्कोसाइट होऊन साचतं, मूळच्या कॅल्कोपायराइटमध्ये तांबं जेमतेम ३४-३५ टक्के असतं आणि कॅल्कोसाइटमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास. आणि मधल्या पट्ट्यात भोवती चुनखडी असली तर निळं अझुराइट नि हिरवं मॅलाकाइट. ॲरिझोनातल्याच बिस्बी गावची खाण चुनखडीतली, म्हणून तिथले निळे-हिरवे नमुने जगभर प्रसिद्ध. मी चौदा वर्षं लाल मातीत काढली पण पाऊस दगडाचं काय करतो हे मला त्या तासाभरात नीट कळलं. (यावरून आपल्या जांभ्याखाली तांबं आहे असं कृपया कोणी समजू नका, जांभा वेगवेगळ्या दगडांवर तयार होतो.) व्हिडिओवर हे सगळं मिळतं असं भाऊ म्हणतात, मिळतंच, पण भाषण संपल्यावर त्या माणसाच्या हातात आपला दगड देऊन 'हा कुठला असेल?' असं विचारता येत नाही ना.

आणि प्रत्येक वक्ता एका गोष्टीवर हटून बसलेला असतो, ती म्हणजे चिठ्ठी. कुठल्या खाणीतला, कुठल्या लेव्हलचा (खाणीतला जमिनीखालचा मजला), कधी काढलेला. बिस्बीतली तांब्याची खाण १९७५ मध्ये बंद झाली, नामिबियातलं त्सुमेब १९९६ मध्ये, आता तिथून नवा माल येत नाही, जे आहे ते जुन्या संग्रहांतून फिरतं. काँगोचं मॅलाकाइट मात्र भरपूर येतं. तुकडा दिसायला सारखाच असू शकतो, फरक चिठ्ठीचा. मी बिस्बीचं अझुराइट घेतलं एका म्हाताऱ्या संग्राहकाकडून, त्याच्या हातची शाईने लिहिलेली चिठ्ठी होती, खाणीचं नाव, लेव्हल, सगळं. माझ्या सगळ्या खरेदीत तीच खरी मोलाची वस्तू होती आणि तीच गेली.

आता पार्सल.

बॅगेचं वजन भरलं म्हणून बहिणीला म्हटलं तू मार्चमध्ये पाठव. ती फॉर्म भरताना फोनवर विचारते, 'दादा, काय लिहू?' आणि मी म्हटलं, 'लिही ना, कॉपर ओर सॅम्पल.' आमच्या डिचोलीत खाणीतून निघालेला कुठलाही दगड म्हणजे ओर, ट्रकात ओर, बार्जमध्ये ओर, लहान पोर सुद्धा ओरच म्हणतं, माझ्या तोंडून दुसरा शब्द येणंच शक्य नव्हतं. त्या तीन शब्दांमुळे माझी पेटी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत अडकली.

कस्टम्सच्या यादीत २६०३ म्हणजे तांब्याचं ओर आणि कॉन्सन्ट्रेट, कारखान्यात वितळवायला आणतात तो माल. संग्रहासाठीचे खनिज नमुने वेगळे, ९७०५ मध्ये. माझी साडेसहा किलोची पेटी पहिल्यात गेली. मग पत्र आलं, मालाचा पृथक्करण अहवाल द्या, संबंधित खात्याची ना हरकत द्या. पृथक्करण म्हणजे तुकडा फोडून पूड करायची! अझुराइटची पूड! मी नाही म्हटलं. ना हरकतीसाठी पणजीतल्या एका ऑफिसात गेलो (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही), तर तिथले म्हणाले आम्ही गोव्यातल्या खनिजांचं बघतो, परदेशी दगडाचा कागद आम्ही देऊ शकत नाही. बरं, मग 'आमचा संबंध नाही' एवढं तरी लिहून द्या, तर म्हणे संबंध नसताना लिहून कसं देणार. त्या काळात ओर हा शब्द ऐकला की टेबलापलीकडचा माणूस सावध व्हायचा, हे मी समजू शकतो, खाणींची प्रकरणं चालू होती. पण मी फोटो, बिलं, सगळं घेऊन पाच वेळा गेलो, डिचोली-पणजी बसने, ऐन पावसात, आणि एकाही माणसाने मला हे सांगितलं नाही की बाबा तुझा शब्दच चुकलाय, तो आधी दुरुस्त कर. याचा राग मला आजही येतो. अडवण्याचा राग नाही, नियम असतील तर अडवा, पण समोरचा चुकीच्या दाराशी उभा आहे हे दिसत असताना गप्प बसायचं?

शेवटी ते सांगितलं वास्कोच्या एका क्लिअरिंग एजंटने, तेही ओळखीतून, पैसे न घेता. त्याने नवीन डिक्लरेशन लिहायला लावलं: 'मिनरल स्पेसिमेन्स फॉर पर्सनल कलेक्शन, नॉट फॉर सेल', प्रत्येक तुकड्याचं नाव, वजन, किंमत, फोटो, बिल, आणि ९७०५. अकरा दिवसांत पेटी सुटली. चवथ उलटून गेली होती तोवर.

पेटी उघडली तेव्हा तळ भिजलेला होता. गोदाम कुठेतरी गळत असणार. ते मोरचूद विरघळून सगळ्या कापसात उतरलं होतं, निळं पाणी सुकून प्रत्येक दगडावर खपली. पुठ्ठा मऊ होऊन खचला त्यात अझुराइटचे पुढचे स्फटिक तुटले. मॅलाकाइट धुतल्यावर स्वच्छ झालं. पण चिठ्ठ्या, सगळ्या चिठ्ठ्या मी दगडासोबत त्याच कागदात गुंडाळल्या होत्या, शाई फुटली, एक अक्षर वाचता येईना, आणि फोटो काढले होते ते दगडांचे, चिठ्ठ्यांचा एकही नाही. त्या म्हाताऱ्याचा पत्ता मी घेतला नव्हता. आज माझ्या कपाटात त्या अझुराइटखाली मी 'बिस्बी, खाण माहीत नाही' असं लिहिलंय आणि ते लिहिताना हात जड झाला होता.

तेव्हा भाऊ, माझं मत, आणि हे फक्त मत आहे, मी एजंट नाही की वकील नाही, नियम बदलत असतात, जायच्या आधी एखाद्या कस्टम्सच्या जाणकाराला विचाराच: शक्यतो पार्सल करूच नका. कमी घ्या, चेक-इन बॅगेत आणा, बिलं जवळ ठेवा आणि विचारलं तर सरळ दाखवा. पाठवायचंच असेल तर पावसाळ्यात गोव्यात पोचेल असं पाठवू नका, मणी नि पॉलिश केलेले खडे त्याच पेटीत घालू नका, त्यांचा वर्ग वेगळा पडू शकतो आणि एका माळेपायी सगळं अडकतं. मोरचूद तर आणूच नका. चिठ्ठी वेगळ्या झिप पिशवीत, तिचा फोटो, आणि दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर नंबर लिहा, म्युझियमवाले असंच करतात.

घरी आणल्यावरचं थोडं. आपल्याकडे तांब्याचं भाण चिंचेने नाहीतर आमसुलाने घासतात, लखलखीत होतं, पण तो हात मॅलाकाइट-अझुराइटला लावू नका, आंबट लागलं की पृष्ठभाग खाल्ला जातो. नुसतं मूळ तांबं (खाणीत धातूच्याच रूपात सापडणारं) असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिडने साफ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, क्लोराइड आत राहतं आणि आपल्या दमट हवेत हिरवी भुकटी फुटत राहते, एकदा सुरू झालं की आवरणं कठीण. म्हापशाला समुद्राची हवा, तुम्ही तर बंद डब्यात सिलिका जेल घालूनच ठेवा. अझुराइट उन्हात ठेवू नका. आणि मॅलाकाइट घरी कापायचं-घासायचं मनात आलं तर कोरडं कधीच नाही, ती धूळ विषारी आहे.

वेळ असेल तर बिस्बीला जा, टूसॉनहून साधारण दीडशे किलोमीटर, कॉपर क्वीन खाणीत आत नेतात. टूसॉनमध्येच जुन्या कोर्टाच्या इमारतीत युनिव्हर्सिटीचं रत्न-खनिजांचं म्युझियम २०२१ पासून आहे, माझ्या वेळी ते नव्हतं, ते भाषणांच्या आधी बघा म्हणजे प्रश्न सुचतात. आणि शोमध्ये जळगाव, नाशिक, वाघोली अशा चिठ्ठ्या वाचायला मिळतील तेव्हा ऊर भरून येतो, मला तरी आला. वाघोलीचं कॅव्हन्साइट बघून तांबं समजू नका मात्र, तो निळा रंग व्हॅनेडियमचा.

तिकडे खरेदी झाली की पाठवायच्या आधी यादी आणि फॉर्मवर लिहायचे शब्द इथे टाका. मी त्याच दिवशी वाचून सांगतो, रात्री कितीही वाजले तरी.