चार पोर्ट, इंटरप्ट एकच

प्रश्न : जुन्या लिनक्स मशीनमध्ये एएसटी फोरपोर्ट जातीचं, चार सीरियल पोर्ट देणारं आयएसए (जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) कार्ड घातलंय. पोर्ट दिसतात, पण टाइप केलेलं अक्षर टर्मिनलवर काही सेकंदांनी उमटतं. कार्ड गेलं का?

उत्तर : बहुधा नाही. अक्षरं थांबून थांबून, झुबक्यानं येतात म्हणजे इंटरप्ट (कार्डानं प्रोसेसरला मारलेली हाक) चुकलाय. कार्डाची हाक पोचत नाही; ड्रायव्हर अधूनमधून डोकावतो तेव्हा साठलेलं उचलतो.

कार्डावरचा जंपर (पिना जोडणारी छोटी टोपी) इंटरप्ट लाइन ५ वर ठेवा. ३ आणि ४ सहसा मदरबोर्डच्या कॉम (सीरियल) पोर्टांकडे असतात आणि आयएसएवर दोन कार्डांत एक लाइन वाटून घेणं भरवशाचं नाही. ५ वर साउंड कार्ड बसलेलं नाही ना, तेही बघा. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ५ ‘लेगसी आयएसए’साठी राखा.

मग सेटसीरियल या लिनक्स कमांडनं चारही पोर्टांना हेक्स (१६ च्या पायातले) पत्ते द्या : १ए०, १ए८, १बी०, १बी८. आयआरक्यू (इंटरप्ट लाइनचा क्रमांक) सगळ्यांना ५ च. आणि ‘फोरपोर्ट’ हा पर्याय विसरू नका, घोळ इथंच होतो. तो नसेल तर ड्रायव्हर १बीएफ या पत्त्यावर हेक्स ८० लिहीत नाही आणि कार्डाच्या इंटरप्टचं सामाईक दार बंदच राहतं.

पोर्ट चालू असताना ‘प्रोक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ फाइल दोनदा वाचा. ५ समोरचा आकडा वाढायला हवा. रीबूटनंतर हे सेटिंग पुसलं जातं, तेव्हा बूट स्क्रिप्टमध्ये टाका.