मैत्रिणीएवढाच सराव, तरी पळण्याचा पेस का सुधारत नाही?

प्रिय,

तुम्ही दोघींनी सुरुवात एकत्रच केलीत. प्लॅन एक, रविवारचा लाँग रनही सोबतच. तिचं दहा किलोमीटर तासाच्या आत आलं, तू मात्र एक तास दहावर अडली आहेस. म्हणून आता जीन टेस्टचं किट मागवायचं म्हणतेस. जरा थांब.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक : यात तुझा आळस कुठेही नाही. व्यायामाचे अभ्यासक क्लोद बुशार यांच्या हेरिटेज फॅमिली स्टडीत ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांकडून, आईवडील आणि त्यांची मोठी मुलं अशा सगळ्यांकडून, २० आठवडे देखरेखीखाली सायकलिंग करून घेतलं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येकाला त्याच्या कुवतीच्या प्रमाणात सारखंच. कुणी अंगचोरी केली म्हणायला जागाच नव्हती. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते माप, सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास वाढलं. पण काहींचं जागचं हललं नाही आणि काहींचं लिटरभराहून जास्त वाढलं. वय किंवा बाई-पुरुष यावरून हा फरक फारसा उलगडला नाही. एका घरातली माणसं मात्र एकमेकांच्या जवळपास राहिली. या फरकातला जास्तीत जास्त ४७ टक्के वाटा घराण्याचा, असा अंदाज १९९९ मध्ये निघाला. अर्थात घराणं म्हणजे निव्वळ जनुकं नव्हेत, एका घरात जेवणही एकच असतं.

पण हा वाटा असंख्य जनुकांत चिमूट चिमूट विखुरलेला आहे. किटवाले एसीई, एसीटीएन-३ अशा मोजक्याच जनुकांची नावं घेऊन तुला ‘पॉवर टाइप’, म्हणजे लांब पळण्यापेक्षा ताकदीच्या खेळाची, ठरवतील. अशा टेस्टवरून सराव ठरवू नये, असं क्रीडाविज्ञानातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकत्रितपणे सांगितलंय. ते पैसे शूजला ठेव.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०१७ चं माँतेरो आणि लुंडबी या संशोधकांचं काम. सहा आठवड्यांच्या सरावाने ज्यांच्यात फरक पडला नाही, त्यांना आठवड्याला दोन सेशन वाढवून आणखी सहा आठवडे दिले, आणि सगळ्यांची प्रगती झाली. ते सगळे तरुण पुरुष होते, हे खरं. तरी तुझ्यासाठी मी त्यातून एवढं घेईन की मैत्रिणीला पुरतो तेवढा सरावाचा डोस तुला पुरत नसावा. एक सोपा रन वाढव, म्हणजे बोलत बोलत पळता येईल असा. इंटरव्हल, म्हणजे मध्ये थांबत जोरात पळायचे तुकडे, आहेत तेवढेच राहू देत.

त्याआधी रक्त तपास. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे, आणि रक्त कमी असेल तर स्नायूंपर्यंत ऑक्सिजनच कमी पोचतो. मग जनुकांना दोष कशाला? फक्त हिमोग्लोबिन करून परत येऊ नकोस. ते १२ च्या वर असलं की ‘नॉर्मल’ म्हणून मोकळे होतात, पण शरीरातला लोहाचा साठा त्याच्या आधीच आटलेला असू शकतो. तो फेरिटिन नावाच्या रक्ततपासणीत दिसतो. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. जेवणाला लागून चहा मात्र आजपासून बंद, त्याने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पालेभाजीवर लिंबू पिळ.

घड्याळातला व्हीओटू मॅक्सचा आकडा सध्या बघूच नकोस. तो पेस आणि हार्ट रेटवरून बांधलेला अंदाज आहे. उन्हात किंवा चढावर पळालीस की उगाच घसरतो. आठ आठवड्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेळी दहा किलोमीटर पळ आणि ते टायमिंग धर.

पाळीच्या तारखाही सरावाच्या वहीत लिहायला लाग, रक्तस्राव जास्त झाला तर तसंही लिही. रिपोर्ट आला की फोटो पाठव, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

तुझी,
ताई