डोळ्यात घातलेल्या औषधातलं आत किती पोहोचतं, हे मोजतात कसं?

तुम्ही विचारलंय, निपाणीत आईला काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब सुरू आहेत, निम्मं औषध गालावर ओघळतं, मग आत पोहोचतं तरी काय आणि ते कुणी मोजलंय का?

मोजलंय की हो. मी बेळगावात औषध-विश्लेषणाचं काम करतो, म्हणून लॅबच्या बाजूनं सांगतो. बाटलीतून पडणारा थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा. पापण्यांआड मावतं जेमतेम 30, त्यातही 7-8 मायक्रोलिटर अश्रू आधीच असतात. उरलेलं गालावर, नाहीतर अश्रुनलिकेतून नाकात. डोळ्याच्या आत बहुतेक थेंबांतलं 5 टक्केही औषध जात नाही. तेव्हा ओघळलं म्हणून लगेच दुसरा थेंब घालू नका, तोही ओघळणारच.

आता मोजणं. नुसतं ‘डोळ्यात किती’ असं विचारून भागत नाही, कुठल्या भागात ते सांगावं लागतं. खरी परीक्षा असते ती सुरीची, यंत्राची नंतर. आमच्याकडे शिकाऊ पोरं मटणाच्या दुकानातून आणलेल्या शेळीच्या डोळ्यांवर हात बसवतात. आधी बाहेरचा पृष्ठभाग सलाइननं धुवायचा, कारण तिथं औषध आतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. ते सुईबरोबर आत गेलं की कॉर्नियामागच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यामागच्या, पाण्याचा आकडा फुकट. प्राण्यांवरच्या प्रयोगात कित्येकदा अख्खा डोळाच गोठवतात आणि गोठलेला असतानाच कापतात, म्हणजे औषध इकडून तिकडे सरकत नाही. पांढरा पडदा, स्क्लेरा, तर महाचिवट. साध्या होमोजिनायझरला, म्हणजे ऊती वाटून एकजीव करणाऱ्या यंत्राला, दाद देत नाही. कात्रीनं बारीक तुकडे करून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये कडक करून मग दळावा लागतो.

दळतानाच त्यात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) घातलेलं, म्हणजे किंचित जड टिमोलॉल ठरावीक प्रमाणात मिसळतात. पुढे जे वाया जाईल ते दोन्हींचं सारखंच, त्यामुळे गुणोत्तर टिकतं. ॲसिटोनायट्राइल घातलं की प्रथिनं साखळतात. वरची निवळ एलसी-एमएस/एमएसला द्यायची, म्हणजे आधी द्रवातले घटक वेगळे करून मग रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला. टिमोलॉलचा भारित रेणू 317 वस्तुमानाचा. पहिली चाळणी तेवढाच पुढे सोडते, मग वायूच्या धडकेनं तो फुटतो, आणि शेवटची चाळणी फक्त 261 चा तुकडा मोजते. त्यामुळे मिलिलिटरमागे नॅनोग्रॅमाएवढं औषधसुद्धा पकडता येतं. मात्र प्रमाण-आलेख, म्हणजे ठाऊक मात्रांवरून यंत्राचा आकडा वाचायचा आलेख, त्याच ऊतीत काढलेला हवा. पाण्यात काढून रेटिनाला (डोळ्याच्या मागच्या पडद्याला) लावला तर आकडा फसवतो.

आणखी एक गोम आहे. टिमोलॉल मेलॅनिनला, म्हणजे डोळ्याला रंग देणाऱ्या द्रव्याला, चिकटतं. पांढऱ्या सशाच्या आयरिसमध्ये (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यात) मेलॅनिन नसतं, काळ्या-तपकिरी डोळ्यांत भरपूर. तिथला आकडा फुगलेला दिसतो, पण चिकटलेलं औषध सुटेपर्यंत कामाचं नसतं. असे शोधनिबंध वाचताना ससा कुठल्या रंगाचा होता, ते मी आधी बघतो.

माणसात असं कापून बघता येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनवेळी, रुग्णाच्या संमतीनं, पुढच्या कप्प्यातलं सुमारे 0.1 मिलिलिटर पाणी मिळतं, तेवढ्यावरच भागवायचं. आईंच्या बाबतीत डोळ्याचा दाब किती उतरला, तेच डॉक्टर बघतात.

थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरायला सांगा. नाकातून रक्तात जाणारं टिमोलॉल कमी होतं. आईंना दमा असेल किंवा नाडी मंद असेल, तर हे डॉक्टरांच्या कानावर आजच घाला.