‘अजून पब्लिकमध्येच?’

तुम्ही विचारलंय की जानेवारीत मेलबर्नला येतोय, मुलगी सात वर्षांची आहे, तिला सरकारी शाळेत घातलं तर आपले लोक नावं ठेवतात का. व्हिसा, झोन (म्हणजे घराच्या पत्त्यावरून ठरणारी सरकारी शाळेची हद्द), प्रवेशाचे फॉर्म यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर आहे, ती मी परत लिहीत नाही. फक्त लसीकरणाचं कार्ड जपून आणा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून सगळ्या तारखा स्वच्छ अक्षरात लिहून घ्या. इथल्या नोंदवहीत त्या चढल्याशिवाय प्राथमिक शाळेचा प्रवेश पुरा होत नाही. आमच्या कार्डावरची एक तारीख नर्सला लागेना, तेवढ्यासाठी मी क्लिनिकच्या तीन चकरा मारल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आता तुमचा प्रश्न. हो, ठेवतात. गोऱ्या शेजाऱ्यांनी मला हे कधी विचारलं नाही. इथली साठ टक्क्यांहून जास्त मुलं सरकारी शाळेतच जातात. विचारलं ते आपल्याच माणसांनी, गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाची वाटी असताना. ‘अजून पब्लिकमध्येच?’ (पब्लिक म्हणजे इथे सरकारी शाळा.) तो ‘अजून’ मला फार लागला. जणू आमचं काही अडलंय, पैसे साठले की मुलाला बाहेर काढू.

माझा मुलगा त्या सरकारी प्राथमिक शाळेत सुखात होता. इथे सहावीच्या मुलांकडे प्रेपमधली, म्हणजे अगदी पहिल्या वर्षाची मुलं ‘बडी’ म्हणून सोपवतात. त्याच्या वाट्याला आलेला चिमुरडा मधल्या सुट्टीत टोपी विसरायचा, आणि टोपी नसेल तर उन्हात खेळू देत नाहीत. म्हणून हा स्वतःची जुनी टोपी त्याच्यासाठी दप्तरात ठेवायचा. मी सांगितलं नव्हतं. शाळेने शिकवलं होतं.

सहावीनंतर हायस्कूल बदलतं. त्याचे सगळे मित्र घराजवळच्या सरकारी हायस्कूलला जाणार होते, चालत दहा मिनिटं. आम्ही त्याला खासगीत घातलं, ट्रेनने पाऊण तास. मोठ्या नावाच्या शाळांत वरच्या वर्गांची फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर गेलीय. आमची तेवढी नाही, तरी त्यासाठी मी शनिवारच्या शिफ्ट घेतल्या. (कॅथलिक शाळा बऱ्याच स्वस्त पडतात, आपले बरेच जण तिकडे जातात.) नवी शाळा वाईट नाही, शिक्षक चांगले आहेत. पण पहिले सहा महिने तो घरी येऊन कुणाचंच नाव घेत नव्हता.

चांगल्या सरकारी हायस्कूलच्या झोनमध्ये, म्हणजे ग्लेन वेव्हर्ली, बॉल्विनकडे, घरांच्या किमती शाळेमुळे चढलेल्या आहेत. म्हणजे तिथल्या सरकारी शाळेसाठीही लोक पैसे मोजतात, फक्त घराच्या हप्त्यातून. तिथली मुलं पब्लिकमध्ये गेली तर कुणी ‘अजून’ म्हणत नाही. आम्ही त्या झोनमध्ये नाही, शहराच्या पश्चिमेला टार्नीटला राहतो.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिला हिवाळा, जून ते ऑगस्ट, जड जातो. मग सवय होते.

माझे बाबा कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिक्षक होते. त्यांच्याच वर्गात मी चौथीपर्यंत शिकले. नातवाची शाळा बदलली तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, ‘सरकारी शाळेत काय कमी पडलं गं?’ मी म्हटलं, इथे विज्ञानाची प्रयोगशाळा मोठी आहे. ते ‘बरं बरं’ म्हणाले. प्रसादाची वाटी आणि तो ‘अजून’ त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. घर भाड्याने घेतलंत की आपल्या कुणाला शाळेबद्दल विचारण्याआधी मुलीला घेऊन तिच्या झोनच्या शाळेच्या गेटपाशी साडेतीनला उभ्या राहा. मुलं बाहेर येतात ती कशी येतात ते बघा, आणि तिला काय वाटतं ते तिथेच विचारा. मी मुलाला विचारलंच नव्हतं.