किती फूट, ते सांग

बाळा,

परवा रात्री घरच्या ग्रुपवर तू टाकलंस, "अख्खं कोल्हापूर पाण्याखाली, सगळं संपलं." पाच मिनिटांत पुण्यातनं तुझ्या मावशीचा मला फोन, रडत होती, आजीला न्यायला आत्ताच गाडी करून निघू का म्हणून विचारत होती. त्या टायमाला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३७ फूट होतं. इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. तू घाबरला होतास ते कळतंय मला, ओरडायला लिहीत नाहीये, पण हे एकदा बोलायलाच पाहिजे.

आपल्या गावाचं बोलणंच ऐसपैस आहे. लई भारी, नाद खुळा, जगात भारी. तांबडा रस्सा वरपून कुणी "असला रस्सा जगात नाही" म्हटलं तर म्हणू दे की, ऐकणाऱ्याला कळतं गडी खूश आहे, विषय संपला. मला ते आवडतंच. पण जिथं तुझ्या शब्दावर समोरचा माणूस सामान हलवणार, गाडी काढणार, पैसे भरणार, तिथं मोजून बोलायचं.

हे मी शिकलो ते स्वतः चुकून. २०१९ चा ऑगस्ट, शाहूपुरीत आत्याचं घर तळमजल्याला, २००५ च्या पुरात तिच्या शेवटच्या पायरीला पाणी लागून माघारी गेलेलं. तिनं फोन करून विचारलं, सामान वर चढवू का रे, आणि मी म्हटलं आत्या, तुझ्या घरात पाणी कधीच येत नाही, निवांत झोप. म्हणायला पाहिजे होतं की मागच्या वेळी आलं नव्हतं, यंदाचं माहीत नाही. एवढाच फरक. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आत्याला बोटीतनं काढली, पण घर तसंच राहिलं. पाणी उतरल्यावर गेलो तर शिलाई मशीन गाळात आणि लग्नाचा अल्बम फुगून वीट झालेला, ती एकेक फोटो सोडवायला बघत होती आणि फोटोवरचे चेहरे दुसऱ्या पानाला चिकटून येत होते. मला काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "तू कधीच म्हणालास न्हवं?"

तेव्हापासनं कधीच, कायम, सगळेच, शंभर टक्के हे शब्द तोंडात आले की मी जरा थांबतो.

बातमीचं पण तेच बघ. "राधानगरीचे दरवाजे उघडले" एवढंच फॉरवर्ड होतं. अरे पण किती उघडले? दरवाजे सात आहेत, स्वयंचलित, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. एक उघडला आणि सातही उघडले यात साडेआठ हजार क्युसेकचा फरक, मेसेज मात्र तोच. सुतारवाड्यातल्या माणसाला हा आकडा पाहिजे असतो, कारण पोरंबाळं घेऊन आधी त्याला बाहेर पडायचं असतं.

आणि एक, हे जास्त मनाला लागलं म्हणून शेवटी ठेवलं. निकालाच्या दिवशी तू म्हणालास, "मला काहीच जमत नाही." दोन विषय राहिले होते, चार सुटले होते. पण "काहीच" म्हटलंस आणि ते चार कुठल्या कुठं गेले, तुझ्या आईनं पण तेच धरलं, आठ दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. तू स्वतःबद्दल असं बोलतोस तेव्हा मला त्या अल्बमची आठवण होते रे. पुढच्या वेळी मला फोन कर आणि विषयाचं नाव सांग, कुठला धडा अडला ते सांग, मग आपण बसू.

मावशीला आज फोन कर, आजी बरी आहे म्हणून सांग, आणि पाणी किती फुटांवर आहे ते बघूनच सांग. पाऊस उघडला की रविवारी बावड्याला ये, बंधाऱ्यावर जाऊ, फुटांचे आकडे कुठं लिहिलेत ते तुला दाखवतो.

तुझा काका