अक्कलदाढ काढायची आहे? मग एवढं सांभाळ
घाबरू नकोस. हिरडी बधिर केल्यावर दाब जाणवतो, कळ नाही. माझ्या खालच्या दोन्ही अशाच निघाल्या. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांग. गोळी स्वतःहून बंद करू नकोस.

खरी काळजी नंतरच्या 24 तासांची. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. नवखे इथेच चुकतात:

- सारखं थुंकणं, खळखळून चुळा भरणं
- स्ट्रॉने पिणं
- तंबाखू, सिगारेट (ही तर बरेच दिवस नकोच)

गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. तसं झालं तर लगेच डॉक्टरांकडे जा. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतेच, तिला दचकू नकोस. कोमट मिठाच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, अगदी हळू.