सून कुठे बसते, ते आधी लिही

प्रिय मैत्रिणी,

तुझी मेल वाचली. बायकांच्या बाजूने विचार करायचा आणि टीव्ही मालिकेसाठी रोज रात्री बायकांनाच रडवणारे सीन लिहायचे, हे एकाच वेळी कसं जमवायचं, असं विचारलं आहेस. नोकरी सोडू का, हेही विचारलंयस. माझं मत विचारशील तर, एवढ्या कारणासाठी सोडू नकोस. मालिका तुझ्यावाचूनही चालूच राहील, आणि तुझ्या जागी जो कोणी येईल त्याला हा प्रश्न पडेलच असं नाही.

राहायचं तर लक्ष कुठे घालायचं, तेवढं मात्र ठरवून घे. या क्षेत्रात नव्याने आलेल्या मुलामुलींना वाटतं की नायिकेच्या तोंडी एक जळजळीत भाषण घातलं की आपलं काम झालं. महाएपिसोडला तसं भाषण चॅनललाही हवंच असतं, प्रोमो झकास कापता येतो. ते संपतं आणि पुढच्या सीनमध्ये तीच नायिका चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये उभी असते. भाषण सहा महिन्यांतून एकदा येतं, ट्रे आठवड्याचे सहा दिवस येतो. घरी बघणाऱ्या मुलीच्या मनात काय मुरत असेल ते तूच सांग. म्हणून संवाद लिहायच्या आधी पटकथेतली सीनची पहिली ओळ नीट वाचत जा. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, घर कोणाच्या नावावर आहे. बायकांची पायरी तिथेच ठरून गेलेली असते, आणि ती ओळ बदलायला सहसा कोणी आडवं येत नाही, कारण ती कोणी फारशी वाचतच नाही.

हे पडद्यावरचं ‘चांगल्या बाई’चं रूप कुठून आलं, तेही बघ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी रंगभूमीवर कुलीन स्त्रीचा आदर्श उभा केला तो बालगंधर्वांनी. त्यांचं नेसणं, अंबाडा, गजरा, चालणं बघून घरंदाज बायका तसं नेसू-वागू लागल्या. नाटक लिहिणारे पुरुष, भूमिका वठवणारा पुरुष, आणि त्यावरून शिकणाऱ्या बायका. बालगंधर्वांच्या कलेबद्दल मला अपार प्रेम आहे, तरीही ही साखळी विसरता येत नाही. त्याच काळात तमाशाच्या फडात पवळा स्वतः नाचत-गात होती. ती महार समाजातली होती. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पण तिच्यासारखं वागावं असं कुठल्या घरात मुलीला सांगितलं गेलं नाही. कोणती बाई आदर्श आणि कोणती नुसती बघण्यापुरती, ही वाटणी जातीवरून झालेली आहे आणि ती आजही आपल्या कास्टिंगमध्ये दिसते. तुझ्या मालिकेतल्या घराचं आडनाव काय आहे? कामाला येणाऱ्या मावशींना आडनाव तरी दिलंय का? त्या फक्त विनोदाला आणि चुगल्यांना येत असतील, तर त्यांना एखादा ट्रॅक, म्हणजे कथेचा स्वतःचा धागा, मिळवून दे. घरातलं सगळं त्यांना ठाऊक असतं, कथेलाही त्याचा फायदाच होईल.

सिनेमातही सुरुवात अशीच. १९१३ साली फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम पुरुषाने केलं. त्याच वर्षीच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. आणि १९३७ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या ‘कुंकू’त शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याचा संसार नाकारते. त्याच्या खोलीत जायला ती साफ नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती झोडपून काढते. मीटिंगमध्ये कोणी ‘आपल्या प्रेक्षकाला हे झेपणार नाही’ म्हणालं, की हे साल सांगत जा. आपल्या आज्या-पणज्यांनी ते थिएटरात बसून पाहिलंय.

प्रेक्षकाचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्याला कमी लेखू नकोस. १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ला बायकांची रीघ लागली आणि थिएटरात हुंदके ऐकू आले. शहाण्यासुरत्या लोकांनी त्या रडण्याची चेष्टा केली, ती मला कधीच पटली नाही. स्वतःच्या घरात ज्यावर चार माणसांत बोलता येत नाही, त्यावर अंधारात उघड रडता येतं, हे काही थोडं नाही. पूर्णिमा मानकेकर या अभ्यासिकेने दिल्लीतल्या साध्या घरांतल्या बायकांसोबत दूरदर्शन पाहिलं, त्यांच्याशी बोलून १९९९ मध्ये पुस्तक लिहिलं. महाभारतातलं द्रौपदीचं वस्त्रहरण बघताना त्या बायका स्वतःबद्दल बोलत होत्या, आपल्यावर येऊ शकणाऱ्या प्रसंगाबद्दल, आपल्या संतापाबद्दल. बाई टीव्ही बघते तेव्हा तिची अक्कल चालूच असते. तिला पकडायला आपण काय देतो, एवढाच प्रश्न आहे.

आणि आपण तिला तिचं काम दाखवत नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात असं दिसलं. पुरुषांची ९७ मिनिटं, तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६. म्हणजे बाईचे रोजचे पाच तास. आपली मालिका चोवीस तास घरात घडते आणि त्यात हे पाच तास नाहीत. स्वयंपाकघर असतं, ते कट शिजवायला. नायिका काठपदराची साडी नेसून एकच गाजर चिरते आणि ते सीन संपेपर्यंत संपत नाही. खरकटी भांडी, भिजलेले कपडे, गॅस संपल्यावरची धावपळ, पाळीच्या दिवसांत दुखणारी कंबर, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, यातलं काही नाही. त्याग तेवढा खूप दिसतो. काम दिसलं असतं तर ते कोणी वाटून घ्यायचं हा प्रश्न आला असता. त्यागाला नुसता नमस्कार केला की भागतं. २०२१ च्या ‘द ग्रेट इंडियन किचन’ या मल्याळम चित्रपटात सिंकखालचा पाइप गळत राहतो, नवरा प्लंबरला बोलवायचं विसरत राहतो, आणि बायको रोज ते घाण पाणी निपटते. कोणी भाषण देत नाही, तरी बघणाऱ्याला धाप लागते. आपल्या २२ मिनिटांत असा एक पाइप सहज मावतो.

आता तुझा अडलेला सीन. बहीण भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करते, ‘मला माहेरची माया पुरे’ म्हणते आणि सगळे भारावून जातात. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतका वाटा द्यायचा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला, २००५ मध्ये तो देशभर झाला, आणि २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी गावोगाव बहिणी सह्या करतात. सही नाही केली तर माहेरचा दरवाजा बंद होईल, ही भीती खरी असते. म्हणून तुझ्या नायिकेने सही करणं खोटं नाही, सगळ्यांनी भारावून जाणं खोटं आहे. पुढचा ट्रॅक त्या सहीवर उभा असेल तर चॅनल ती काढू देणार नाही. होऊ दे सही. पण सीन देवघरासमोरून हलव आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ने.

बाकड्यावर तिघं बसलीत, ती, भाऊ आणि आई. आत बोलावतात. फोटो होतो, अंगठा होतो. पलीकडचा माणूस रोजच्या सुरात विचारतो, ‘वाचलंय ना?’ भाऊ म्हणतो, ‘घरचंच आहे हो, तिला काय वाचायचंय.’ ती म्हणते, ‘वाचते.’ आणि वाचायला लागते. पहिल्या पानावर गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेला कोणाचं शेत, पश्चिमेला ओढा. त्या ओढ्यात ती लहानपणी पोहलेली असते. भाऊ घड्याळ बघतो. आई जमिनीकडे बघते, कारण तिनेही एकदा आपल्या भावासाठी अशीच सही केली होती, आणि हे लेकीला आजवर ठाऊक नाही. लेक विचारते, ‘हे नंतर फिरवता येतं का?’ ‘ताई, सहजासहजी नाही,’ तो म्हणतो. तिथे ब्रेक घे. ब्रेकनंतर सही. संगीत नको, मागे दुसऱ्या कोणाचं तरी नाव पुकारलं जाऊ दे. दिवाळीच्या भागात भाऊबीजेला ताटात साडी येईल. ती घडी मोडून कॅमेऱ्याला दाखवायला सांग आणि पुढे काही लिहू नकोस. गावाकडे एकही बाई अशी नसेल जिला ते कळणार नाही.

यात प्रेक्षकाला धरून ठेवणारा हुक आहे, प्रोमो आहे, रडू आहे. चॅनलला जे लागतं ते सगळं आहे. मीटिंगमध्ये बोलायची माझी रीत हीच आहे. ‘हे पितृसत्ताक आहे’ म्हटलं की समोरचे वहीत डोकं घालतात. ‘हे गेल्या महिन्यात दुसऱ्या मालिकेत होऊन गेलंय, माझ्याकडे याहून जोरदार आहे’ म्हटलं की माना वर होतात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात तेव्हा चॅनलच्या क्रिएटिव्हचीही झोप उडालेली असते, त्याच्या पोटावर पाय देऊन काही मिळत नाही. बऱ्याच घरांत सासू-सून एकाच टीव्हीसमोर बसतात, त्यामुळे दोघींपैकी एकीलाही दुखवायचं नाही हे गणित त्याला सांभाळावं लागतं. ते समजून घे. फक्त एका ठिकाणी अजिबात मागे हटू नकोस. ज्या पुरुषाने हात उगारलाय, त्याला दोन आठवड्यांत गुलाब घेऊन परत आणायचं नाही. त्यासाठी भांड.

परदेशात अ‍ॅलिसन बेक्डेलच्या १९८५ च्या चित्रमालिकेतून एक कसोटी निघाली, की दोन बायका एकमेकींशी पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर बोलतात का. आपली मालिका ती पहिल्याच सीनमध्ये पास होते, दागिने आणि विष या दोन विषयांवर. आपल्याला आपली कसोटी हवी. मी एक वापरते : नायिका एपिसोडमध्ये कधी एकटी असते का? बघशील तर सतत दाराआड कोणीतरी कान लावून उभं असतं. फोनवर बोलली तरी ऐकलं जातं, पत्र लिहिलं तरी वाचलं जातं. असं रोज बघून पाळत म्हणजेच घर असं वाटायला लागतं. तिला कडी लावता येणारी एक खोली दे आणि त्या खोलीत तिच्यावर कोणतंही संकट आणू नकोस. तिला नुसतं बसू दे, हिशेब करू दे, झोपू दे.

सणांचे एपिसोड टळणार नाहीत, तेव्हा ते मनापासून लिही. मंगळागौर म्हणजे रात्रभर बायकांनी पदर खोचून झिम्मा-फुगडी घालणं, त्या खेळांत जितका धसमुसळेपणा आहे तितका येऊ दे. वटपौर्णिमेला दोरा सगळेच दाखवतात. सावित्री यमाशी बोलून, युक्तिवाद करून जिंकली, हे कोण दाखवतं? आणि नवरा गेल्यावर स्लो मोशनमध्ये बांगड्या फोडायचा सीन आला, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचं नाव घे. शिरोळ तालुक्यातल्या या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. गाव पुढे गेलंय आणि आपण अजून बांगड्यांचा क्लोजअप लावतोय, याची मला लाज वाटते.

पुरुषांकडेही बघ. आपल्या नायकाला राग आणि आईवरचं प्रेम यांपलीकडे काही येत नाही. त्याला खुर्चीतून उठव. दूध उतू जाऊ दे आणि तो धावू दे, पण त्याचं कौतुक कोणी करू नये. कौतुक झालं की ते काम पुन्हा बाईचंच ठरतं.

शेवटचं, तुझ्याबद्दल. संवाद कोणाचे, पटकथा कोणाची, हे श्रेयनामावलीत वेगवेगळं जातं. तू दोन्ही करतेस आणि नाव एकाच ठिकाणी आहे, हे तू सहज लिहून गेलीस. सहज घेऊ नकोस. मघाच्या शांता आपटे १९३९ मध्ये करारावरून वाद झाल्यावर प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. स्क्रीनरायटर्स असोसिएशनची सभासद हो, त्यांच्याकडे नमुना करार मिळतो. मधेच काढून टाकलं तर आधीच्या एपिसोडचे पैसे कधी मिळणार आणि नाव राहणार का, ही दोन कलमं आधी वाच. तुझा नवा करार महिनाअखेरीस येणार म्हणालीस ना? आला की लगेच मला पाठव, सही करू नकोस. रविवारी बसून दोघी मिळून वाचू.

तुझी,
ताई